ना डावा, ना उजवा

लेकीचे पहिले पॉइंट शूज परवा घरी आले. बॅलेमध्ये पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहतात ना, त्यासाठीचे. लंडनला आलो तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता बारावं सरलं. मधली सगळी वर्षं मऊ सपातांमध्ये गेली. इतर क्लासमधल्या मुली दहाव्या वर्षीच पॉइंटवर चढलेल्या पाहून मी बाईंना दोनदा विचारूनही आले होते. त्या हलल्या नाहीत, आणि बरंच झालं. त्या वयात पावलाची हाडं पुरती टणक झालेली नसतात. घोट्यात, पोटऱ्यांत ताकद नसताना अंगाचा भार बोटांवर आला तर कायमचं दुखणं मागे लागू शकतं.

शूज घ्यायला सेंट मार्टिन्स लेनवरच्या 'फ्रीड'च्या दुकानात गेलो. 1929 पासूनची ही कंपनी. एका जोडासाठी जवळजवळ तास गेला. गुडघे वाकवून बघ, टोकावर चढून बघ, टाचेपाशी सॅटिन चिमटीत किती येतं ते बघ. आपण मुलांना सगळं वाढत्या मापाचं घेतो. इथे ते अजिबात चालत नाही. शूज सैल असला की पाऊल आत घसरतं आणि सगळा भार अंगठ्यावर येतो.

आईनं फोनवर विचारलं, "पुढे आत लोखंड घालतात का गं?" मलाही आधी लाकूड असेल असंच वाटायचं. असते ती खळ! कापड आणि कागदाचे थर खळीनं चिकटवून पुढचा कडक भाग घडवतात. शूज उलटा शिवतात, मग सुलटा करून भट्टीत वाळवतात. हातानं घडवलेल्या जोडांच्या तळव्यावर कारागिराची खूण असते, कुणाचा नांगर, कुणाची घंटा. मोठ्या नर्तकी वर्षानुवर्षं एकाच कारागिराकडून शूज करून घेतात. घामानं खळ मऊ पडते, त्यामुळे मुख्य भूमिकेत एका प्रयोगातही जोड संपू शकतो. हे कळल्यापासून तो शूज मी जपून हातात घेते.

रिबिनी आणि इलास्टिक मात्र घरी शिवायचं असतं. मी सुई घेतली तर लेकीनं ती काढून घेतली. "आई, ज्याचे त्यानं शिवायचे असतात." पुण्यात कथक शिकताना आमच्या गुरूंनीही घुंगरू स्वतःच ओवायला लावले होते. प्रत्येक घुंगरानंतर गाठ, बोटं सोलवटायची. त्या संध्याकाळी मी तिच्याशेजारी नुसती बसून राहिले. तिनं एक रिबिन तीनदा उसवली.

एक गोष्ट मला अजून सलते. क्लासच्या यादीत 'त्वचेच्या रंगाचे' म्हणून फिकट गुलाबी टाइट्स लिहिलेत. पायाची रेष न तुटता बोटांपर्यंत दिसावी म्हणून हा रंग. पण ती त्वचा माझ्या मुलीची नाही. सावळ्या, काळ्या नर्तकी वर्षानुवर्षं शूजना मेकअप फासून रंग जुळवत आल्या. 2018 मध्ये 'बॅले ब्लॅक' या नृत्यसंस्थेबरोबर फ्रीडनं तपकिरी छटांचे पॉइंट शूज काढले. पुढचा जोड आम्ही तसाच घेणार आहोत, आणि त्याबद्दल बाईंशी मी बोलणार आहे.

हे शूज डावे-उजवे नसतात, दोन्ही अगदी सारखे. घालून घालून ते ज्या त्या पायाचे होतात, म्हणून अदलाबदल करायची नाही. पहिल्या तासाला जाण्याआधी लेकीनं आतल्या बाजूला बॉलपेननं खूण केली. एकात 'डा', दुसऱ्यात 'उ'.