कापूस पेटता कामा नये

पहिली पट्टी पेटवली तेव्हा मी मनातल्या मनात पास झाले होते. बर्नर बाजूला घेतला आणि तीन सेकंदांत आग विझली. साहेबांना हाक मारणार, एवढ्यात पट्टीच्या टोकावरून एक जळता थेंब टपकला आणि खाली ठेवलेला कापूस भुर्रकन पेटला. प्लास्टिकच्या आग-चाचणीत हवी होती वरची श्रेणी, व्ही-०; हातात आली खालची, व्ही-२.

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं कंपाउंडिंग युनिट आहे. बाहेरून प्लास्टिकचा दाणा आणायचा, ग्राहकाला हवं ते त्यात घालून ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे दोन स्क्रूंनी वितळवून रगडणाऱ्या मशीनमधून, काढायचा, नवा दाणा कापून गोण्या भरायच्या. एका ग्राहकाला चार्जरच्या बॉडीसाठी पीसी (पॉलिकार्बोनेट) आणि एबीएस (रबर मिसळलेलं स्टायरीनचं प्लास्टिक) यांचं मिश्रण हवं होतं. १.६ मिमी जाडीला यूएल ९४ मधलं, म्हणजे प्लास्टिकच्या जळण्याच्या मानकातलं, व्ही-०, व्हिकॅट, म्हणजे मऊ पडायचं तापमान, किमान १०० अंश, आणि ब्रोमीन-क्लोरीन अजिबात नको.

ब्रोमीनने आग रोखायचं काम मला येत होतं. प्लास्टिक तापलं की त्यातून वायू निघतात आणि जळतात ते वायू. त्या जळण्यात हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिलचे सुटे कण एकामागून एक साखळी पुढे नेत असतात. ब्रोमीनपासून तयार होणारं हायड्रोजन ब्रोमाइड त्या कणांना पकडतं आणि साखळी तुटते. जोडीला अँटिमनी ट्रायऑक्साइड, साधारण तीनास एक. पण डेकाब्रोम हे ब्रोमीनवालं रसायन २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे घातक टिकाऊ रसायनांवरच्या जागतिक कराराच्या, यादीत गेलं, आणि त्या घराण्यातल्या रसायनांना आपल्याकडच्या ई-कचरा नियमांतही ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. म्हणून ब्रोमीनवालं सगळंच बंद झालं असं नव्हे, पण ग्राहकाच्या खरेदी विभागातल्या माणसाला हे समजावण्यात माझी दुपार गेली आणि तो काही हलला नाही.

मग फॉस्फरस. आम्ही बीडीपी नावाचं फॉस्फरसवालं द्रव रसायन घेतलं. हे काकवीसारखं घट्ट, चिकट. ड्रम गरम केल्याशिवाय पंप त्याला ओढत नाही आणि एकदा फरशीवर सांडलं की दोन दिवस चपला चिकटतात. फॉस्फरस दोन ठिकाणी काम करतो. थोडा वायूत जाऊन ब्रोमीनसारखीच साखळी तोडतो आणि थोडा आत राहून पॉलिकार्बोनेटला कोळशाचा थर धरायला लावतो. त्या थराखालचं प्लास्टिक मग सहजी वायू सोडत नाही.

चाचणी दिसायला सोपी. १२५ मिमी लांब, १३ मिमी रुंद पट्टी उभी टांगायची, खालून २० मिमीची निळी ज्योत १० सेकंद लावायची. विझली की पुन्हा १० सेकंद. अशा पाच पट्ट्या. व्ही-० ला प्रत्येक वेळी १० सेकंदांत विझायला हवी, दहाही वेळांची बेरीज ५० च्या आत, आणि ३० सेंमी खालचा कापूस पेटता कामा नये. आमच्याकडे चाचणीला लागणारं मिथेनचं सिलिंडर नाही, त्यामुळे घरची तालीम एलपीजीवर, आणि कापूस नाक्यावरच्या मेडिकलमधला. वाऱ्याने ज्योत हलते म्हणून पंखा, एक्झॉस्ट सगळं बंद. मे महिन्यात.

पहिलं मिश्रण होतं पीसी-एबीएस ७०:३०, त्यात १२ टक्के बीडीपी. कापूस पेटला म्हणून मी १४ टक्के केलं, मग १५. आग लवकर विझू लागली, दीड-दोन सेकंदांत. कापूस मात्र पेटतच होता. दाणा ओला राहिला असेल अशी शंका आली, कारण ओलं पीसी मशीनमध्ये तुटतं आणि पातळ होतं. ड्रायरमध्ये चार तासांचे सहा तास केले. तेच. १५ टक्क्यांवर व्हिकॅट मोजलं तर ९६. म्हणजे ज्या ग्रेडला व्ही-० मिळत नव्हतं, ती आता उष्णतेलाही नापास.

एक्स्ट्रूडरवर आमचे मामा असतात. सगळेच त्यांना मामा म्हणतात. मी बीडीपी आणखी वाढवायला सांगायला गेले तर ते डायमधून, म्हणजे मशीनच्या तोंडातून, येणाऱ्या वितळलेल्या प्लास्टिकच्या दोरीकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, हे बघा ना, धार लागलीय. तेल जास्त झालं की कणीक सैल होणारच. आगीचं नंतर बघा, आधी गळायचं थांबवा."

मी महिनाभर चुकीच्या आकड्यामागे होते. बीडीपी आग विझवतं खरं, पण ते प्लास्टिकला मऊही करतं. जितकं जास्त घालावं तितकं वितळलेलं प्लास्टिक पातळ, तितका थेंब सुटायला मोकळा. आग विझवायचं औषध वाढवून मी कापूस पेटवत होते. पुस्तकात हे वाचलेलं असतं. हाताखाली घडतं तेव्हा आठवत नाही.

थेंब अडवायला टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, अर्ध्या टक्क्याच्याही आत. ते वितळून मिसळत नाही. स्क्रूच्या रगड्यात त्याचे कण ओढले जाऊन बारीक तंतू होतात आणि प्लास्टिकभर जाळं पसरतं. पट्टी तापली की ताणलेले तंतू आखडतात आणि मऊ झालेलं टोक खाली गळण्याऐवजी वर ओढलं जातं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मजा वाटली: ज्योत लागल्यावर पट्टी लाजाळूसारखी आक्रसली.

पण भुकटीने छळलं. पीटीएफई १९ अंशांच्या वर मऊ पडतं, दाबलं की एकमेकांना चिकटतं. आमच्या शेडमध्ये ४० अंश. ड्रम उघडला तर आत गोळेच गोळे, आणि पांढऱ्या बॉडीवर ठिपके. ड्रम लॅबच्या एसीत हलवला, पहाटे चाळून बघितलं, गुरुवारी एमआयडीसी बंद असताना शांतपणे मिक्सर लावून बघितला. ठिपके कमी झाले, गेले नाहीत. शेवटी बाहेरून सॅनचं, म्हणजे एबीएसच्या जातीतल्या प्लास्टिकचं, आवरण चढवलेली भुकटी मागवली. तिच्यात निम्मंच पीटीएफई, म्हणून ०.४ च्या जागी ०.८ टक्का घालायची. महाग, पण हॉपरमधून रव्यासारखी वाहते.

कापूस वाचला. पण जळता भाग आता गळून न पडता टोकालाच जळत राहायचा. बेरीज ६० सेकंद, म्हणजे व्ही-० च्या एक पायरी खाली, व्ही-१. पुन्हा बीडीपीकडे हात जात होता, तो आवरला आणि मिश्रणाकडे पाहिलं. कोळसा धरतं ते पीसी. एबीएसमधलं रबर आणि स्टायरीन नुसतं जळतं, मागे काही ठेवत नाही. फॉस्फरसला थर बांधायला पीसीच हवं. ७०:३० चं ८०:२० केलं, बीडीपी परत १२ वर आणलं. बेरीज ३४ सेकंद, व्हिकॅट १०४. दर वाढला म्हणून साहेब कुरकुरले, मोल्डरने भरायला जड जातंय म्हणून फोन केला. तापमान थोडं वाढवून त्याचं काम निघालं.

बाहेरच्या लॅबने पट्ट्यांचे दोन संच घेतले. एक २३ अंशांना ४८ तास ठेवलेला, दुसरा ७० अंशांच्या ओव्हनमध्ये सात दिवस भाजलेला. दुसऱ्याची मला धास्ती होती. बेरीज आली ३१ आणि ३८. दहाही पट्ट्यांखालचा कापूस पांढराच. मामांना पेढे दिले तेव्हा ते म्हणाले, "मी काय केलं? कणीक सैल झाली एवढंच बोललो."

गेल्या आठवड्यात त्याच ग्राहकाची मेल आली आहे. हॅलोजन म्हणजे फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन हे घराणं. हॅलोजन-फ्रीच्या नेहमीच्या व्याख्येत क्लोरीन आणि ब्रोमीनच मोजतात, त्यामुळे टेफ्लॉनमधला फ्लोरीन आत्तापर्यंत कुणाच्या डोळ्यांवर आला नव्हता. पण युरोपात २०२३ पासून पीएफएएसवर, म्हणजे निसर्गात सहजी न विरघळणाऱ्या फ्लोरीनवाल्या रसायनांवर, सरसकट बंदीचा प्रस्ताव आहे आणि पीटीएफई त्यात मोडतं. आता त्यांना पीएफएएस-फ्री व्ही-० हवंय, त्याच दरात. मी सिलिकॉनचे दोन नमुने मागवलेत, आणि मेडिकलवाल्याला कापसाची आणखी चार बंडलं सांगून ठेवलीत.