मामांची ३० सिटिंग आणि एक व्हीलचेअर

रुग्णालय मामांच्या घरापासून साडेतीन तासांवर. मामा ७३ वर्षांचे, एकटे राहतात, डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. फुप्फुसाचा नॉन-स्मॉल सेल कर्करोग, तिसरी स्टेज, ऑपरेशन होण्यासारखं नाही. अशा वेळी जो उपचार करतात तो कागदावर एका ओळीत मावतो: केमो आणि रेडिएशन एकाच वेळी, रेडिएशनची ३० सिटिंग, आठवड्याला ५, म्हणजे ६ आठवडे. ती ओळ मामांच्या फाइलमध्ये यायलाच आमच्या तीन खेपा झाल्या.

पहिली खेप वायाच गेली. रिपोर्ट सगळे होते, पण बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तो तुकडा, आधीच्या लॅबमध्येच राहिला होता. ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ या, कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या तपासण्या त्यावरच होतात. निघण्याआधी लॅबला अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या, आणि तुकडा तपासण्यांना पुरेल का तेही तिथेच विचारा. स्कॅनची सीडी विसरू नका, नुसत्या छापील रिपोर्टवर इथे कुणी समाधान मानत नाही.

दुसरी खेप पेट स्कॅनची, म्हणजे आजार शरीरात कुठवर पसरलाय ते पाहणाऱ्या स्कॅनची. रिकाम्या पोटी या असं फोनवर सांगितलं होतं. मामांनी "हो हो" म्हटलं आणि खाऊन आले. ऐकूच आलं नव्हतं! तारीख पुढे गेली. तेव्हापासून प्रत्येक सूचना मी मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हातात देतो.

तिसऱ्या खेपेची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. गेटपासून ओपीडी लांब, मामांना धाप लागेल म्हणून मी व्हीलचेअर घेतली. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत पाहिलं, दोन प्रश्न विचारले, मामांनी मान डोलावली आणि फाइलवर 'ईकॉग ३' आलं. ईकॉग म्हणजे रुग्ण रोजची कामं किती करू शकतो याचा आकडा, जितका मोठा तितकी तब्येत खालावलेली. जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत जातो, असा ३ चा अर्थ. तेवढ्यावर पूर्ण उपचार बाजूला पडून फक्त त्रास कमी करणारं थोडं रेडिएशन ठरत होतं. मी म्हटलं, "हे स्वतः स्वयंपाक करतात, कपडे धुतात, रोज बाजारात चालत जातात." डॉक्टरांनी त्यांना खोलीत चालवून पाहिलं, श्वासाची चाचणी करून घेतली, आकडा १ झाला आणि उपचारही बदलला. डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांनी दिसलं ते लिहिलं. तुम्ही जाल तेव्हा रुग्ण घरी काय काय करतो ते न विचारता सांगा. 'झेपणार नाही' असं ऐकू आलं, तर कशामुळे ते विचारा: वय, हृदय, किडनी की नुसता अंदाज?

कान अधू असल्याचंही आधीच सांगा. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने ऐकणं आणखी कमी होऊ शकतं. मामांना त्याऐवजी कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल दिलं, दर आठवड्याला.

मामांचा स्वतःचा अडथळा वेगळाच. "सिगारेटी मीच ओढल्या, आता कुणाला कशाला त्रास?" हे ते स्ट्रेचर ढकलणाऱ्यालासुद्धा ऐकवत. आपली चूक म्हणून प्रश्न विचारायचा हक्कच नाही, अशी त्यांची समजूत. म्हणून शेजारी बसून प्रश्न विचारणारा कुणीतरी हवाच.

रोज जाऊन-येऊन सात तास आणि मशीनखाली जेमतेम पंधरा मिनिटं, हे कुणालाच जमणार नाही. राहण्याची सोय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी विचारा. आम्ही सिटिंग सुरू झाल्यावर विचारलं, तोवर खोल्या भरल्या होत्या. दहा दिवस ओळखीच्यांकडे काढले.

चौथ्या आठवड्यात घास गिळताना अन्ननलिका जळायला लागली. "आता पुरे, घरी जाऊ," मामा म्हणाले. बरेच जण इथेच सोडून जातात म्हणे. खंड पडला की आजाराला पुन्हा वाढायला वाव मिळतो, त्यामुळे दुखणं लपवू नका. गिळण्याआधी घ्यायचं बधिर करणारं औषध आणि मऊसर आहार यावर मामांनी उरलेली सिटिंग काढली. आहारतज्ज्ञाला मात्र पहिल्याच आठवड्यात भेटायला हवं होतं.

आता स्कॅन. आजार वाढलेला नसेल तर वर्षभर ड्युरव्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं) औषध द्यायचा विचार आहे, त्याच्या खर्चासाठी मदतीचे अर्ज आत्ताच भरून ठेवले आहेत. व्हीलचेअर या वेळीही घेणार, पण डॉक्टरांच्या दारापर्यंतच. पुढची चार पावलं मामा चालत जाणार म्हणतात.