ढील

उत्तरायण होऊन तीन आठवडे झाले, तरी आमच्या बाल्कनीबाहेर एसीच्या आउटडोअर युनिटवर एक जांभळा पतंग अडकून बसलाय. दुपारी वारा सुटला की फडफडतो आणि झोपेचं खोबरं करतो. हात लांब केला तर निघेल, असं घरात सगळे म्हणतात. सगळे म्हणजे सातव्या मजल्यावरून ज्यांना हात लांब करता येतो ते. मी एकदा झाडू घेऊन गेलो होतो. कठडा दीड हातावर राहिला असताना तळपायांना मुंग्या आल्या. मग झाडू आणलाच आहे तर म्हणून बाल्कनी झाडून परत आलो.

जन्म बडोद्यातला आणि भीती उंचीची, म्हणजे कोळ्याच्या पोराला पाण्याची भीती. १४ जानेवारीला अख्खं गाव अगाशीवर, १५ला वासी उत्तरायण म्हणून पुन्हा अगाशीवर. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या अगाशीचा कठडा मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागेल एवढाच. आजीनं जुन्या नऊवारीचा काठ फाडून एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं जिन्याच्या दाराच्या कडीला, आणि स्वतः उंबऱ्यात उंधियोच्या पापड्या सोलत बसली. दोन पावलं पुढे गेलो की काठ ताणला जायचा. समोरच्या अगाशीवरची पोरं ओरडायची, "बा, ढील आपो, ढील!" बा कसली ढील देते! गाठ तपासून ती पुन्हा पापड्यांकडे वळायची. भीती मुळात तिची होती की माझी, कोण जाणे.

जर्मन कवी गटे याचीही हीच तऱ्हा होती. स्ट्रासबुर्गला शिकत असताना तो तिथल्या १४२ मीटर उंच कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढला, वरच्या हातभर चौथऱ्यावर बिनआधाराचा उभा राहिला, आणि बरा झाला. डॉक्टर आजही तेच सांगतात, फक्त पायरीपायरीनं. मी पावागढच्या रोपवेत करून पाहिलं. जाता-येता डोळे मिटून. मिटलेले डोळे धरत नाहीत म्हणे.

उंचावर जवळपास नजर टेकायला काही उरत नाही, म्हणून तोल डळमळतो. हे वाचनात यायच्या कितीतरी आधी मी माझी नजर टेकवली होती फिरकीवर. पाठ पाण्याच्या टाकीला, डोळे हातातल्या मांज्यावर. फिरकी धरायला कुणी राजी नसतं, त्यामुळे मला मान आहे. चिक्की जागेवर येते. 'काप्यो छे'च्या आरोळीत मी सगळ्यांच्या वरताण ओरडतो. कठड्याशी ये म्हणून कुणी बोलवत नाही.

यंदा भाची अगदी कडेला जाऊन पेच लढवायला लागली, आणि मला टाकी सोडून तिच्या मागे जावं लागलं.

"मामा, ढील दे!"

मी फिरकी सैल सोडली.

"अरे, तिची नाही रे. ओढणीची!"

पाहतो तर डाव्या मुठीत तिच्या ओढणीचं टोक, पार चुरगळलेलं. कधी धरलं होतं, देव जाणे. तेवढ्यात तिचा पतंग कापला गेला, आणि अर्थातच माझ्यामुळे.

आउटडोअर युनिटवरच्या पतंगाचं म्हणाल, तर होळीपर्यंत उन्हानं कागद जाईल. कामट्या वाजत नाहीत.