मतबुखा आणि डावा बर्नर

पक्षाघातातून उठून माणूस घरी आला की पहिले काही दिवस आनंदात जातात. मग घरच्यांच्या मनात प्रश्न येतो: आता हिला स्वयंपाकघरात एकटीला सोडायचं का? याचं उत्तर द्यायला आमच्यासारख्यांना बोलावतात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी. शिकले मुंबईत, काम करते इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोनात. आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या मराठी ज्यूंची, इथे बरीच वस्ती आहे, त्यामुळे मराठी बोलायला माणूस शोधावा लागत नाही. पण गाव वसवलं ते 1955 मध्ये मोरोक्कोहून आलेल्या ज्यू कुटुंबांनी. माझे बरेचसे पेशंट त्यांच्यातलेच.

ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या आजीही मराकेशच्या. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत. पंच्याहत्तरी ओलांडलेली, मेंदूच्या उजव्या बाजूला झटका. अशा वेळी डावा हात-पाय लुळा पडतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या जोडीला कधीकधी आणखी एक गोष्ट येते आणि ती घरच्यांना समजावून सांगताना माझा घसा कोरडा पडतो. डोळे शाबूत असतात, पण डावीकडे काही आहे याची दखलच मेंदू घेत नाही. ताटातलं उजव्या बाजूचं जेवण संपतं आणि डावीकडचं तसंच राहतं. भांग पाडतात तोही अर्ध्याच केसांचा. वर पेशंटला विचारलं तर तो मनापासून सांगतो, 'मी व्यवस्थित आहे, तुम्हीच उगाच काळजी करता.'

आजींच्या मुलीनं डावा बर्नर रिकामाच पेटलेला पाहिला होता, तोही एकदा नव्हे. तिनं सरळ शेगडीची सगळी बटणं उपटली आणि पर्समध्ये घालून फिरायला लागली. मी गेले त्या गुरुवारी तिनं ती बटणं माझ्या हातावर ठेवली, पण घराची किल्ली परक्याला देताना असावा तसा चेहरा करून.

आमच्या फॉर्मवर अशा तपासणीसाठी छापील कामं असतात. त्यातलं सगळ्यांचं आवडतं म्हणजे 'गरम पेय बनवणे'. किटली, कप, साखर, दहा मिनिटांत मोकळे. मला ही चाचणी कधीच पटलेली नाही. दहा मिनिटं तर कुणीही नेट लावून लक्ष देऊ शकतं, त्यातून समोर सरकारी चेहऱ्याची बाई वही घेऊन उभी असली तर हमखास.

आजींनाही ती पटली नाही. "चहा माझा आठ वर्षांचा नातूसुद्धा करतो, बेन्ती," म्हणजे 'पोरी', त्या म्हणाल्या. "आज गुरुवार आहे. मी मतबुखा करणार. तुला बघायचं तर बघ."

मतबुखा म्हणजे टोमॅटो आणि भाजलेल्या ढोबळी मिरच्या लसूण-तेलात तासन् तास आटवून केलेलं दाट, लालभडक प्रकरण. शुक्रवारी रात्री शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, टेबलावर माशाच्या आधी छोट्या छोट्या बशा मांडतात, त्यात हे असायलाच हवं. पावानं पुसून खायचं. शुक्रवारी सूर्य मावळला की विस्तव पेटवायचा नाही, त्यामुळे जे आधी करून ठेवता येतं आणि थंडच चांगलं लागतं ते सोयीचं. शिवाय आमच्यात दूध आणि मांस एकत्र खात नाहीत; यात ना दूध ना मांस, त्यामुळे कशाबरोबरही चालतं. मोरोक्कन घरांतून हे गुरुवारी शिजतं, कारण दुसऱ्या दिवशी ते मुरलेलं असतं.

मला हवीच होती अशी संधी. दोन-अडीच तासांचं काम, त्यात सुरी आहे, उकळतं पाणी आहे, उघडी आच आहे आणि मध्ये मध्ये परत येऊन ढवळायची आठवण ठेवणं आहे. याहून चांगली चाचणी कुठल्या पुस्तकात असणार? मी बटणं शेगडीवर बसवली.

साहित्य आजींनी तोंडानं सांगितलं आणि मुलीनं ओट्यावर काढून ठेवलं: दोन किलो पिकलेले टोमॅटो, चार मोठ्या लाल ढोबळी मिरच्या, दोन तिखट हिरव्या, लसणाचा अख्खा कांदा, अर्धी वाटी तेल, गोड पॅप्रिका (तिखट नसलेली लाल मिरचीपूड), मीठ. डब्यातले सोललेले टोमॅटो वापरले तर अर्धं काम वाचेल असं मुलगी सुचवून बसली. आजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मुलगी त्यांच्या उजवीकडे उभी होती, म्हणजे तो आजार नव्हता, निव्वळ स्वभाव होता.

आधीच्या भेटींत मी ओट्याच्या डाव्या टोकाला लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती. नियम एकच: काहीही शोधायचं असेल तर पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची. टोमॅटोला चिरा देताना मी खिळ्यांचा पाट दिला. लाकडी पाटातून दोन स्टीलचे खिळे वर आलेले असतात, भाजी त्यांवर खोचली की ती धरायला दुसरा हात लागत नाही. "टोमॅटो खिळ्यावर!" आजी म्हणाल्या. "माझ्या आईनं बघितलं असतं तर तुला घराबाहेर काढलं असतं." पण हात झरझर चालला. परातीतल्या उजवीकडच्या टोमॅटोंना चिरा पडल्या आणि सुरी खाली ठेवली गेली. डावीकडचे सात तसेच. मी गप्प. त्यांनी परात पुढे सरकवायला घेतली, ती जड लागली, तेव्हा मान वळली.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी ऐकलं नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं उचलायचं नाही म्हणजे नाही. टोमॅटो भांड्यात, भांडं सिंकमध्ये, आणि वरून अर्धी भरलेली किटली एका हातानं ओतायची. आजी कुरकुरल्या, पण ओतलं. साली सुटल्या.

मग मिरच्या. भाजायला त्यांनी डावा बर्नर निवडला. तोच मोठा, आणि या घरात आल्यापासून मिरच्या तिथेच भाजल्या गेल्या होत्या. चारही लाल मिरच्या थेट आचेवर आडव्या टाकल्या, उजवीकडे वळून लसूण सोलायला घेतला, आणि त्या क्षणी मिरच्या त्यांच्या जगातून नाहीशा झाल्या.

अशा वेळी आमचं काम असतं थांबायचं. मदतीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: आधी काहीच बोलायचं नाही, मग मोघम विचारायचं, मग बोट दाखवायचं, आणि अगदी शेवटी आपण बटण फिरवायचं. मी डावीकडे उभी राहिले, हात बटणापासून वीतभर. जवळ पडलेलं फडकं आधीच उचलून खांद्यावर टाकलं होतं. साल तडतडायला लागली, फुगली, काळी पडली. पंचाईत अशी की मतबुखासाठी मिरची काळी व्हायलाच हवी! साल जळाल्याशिवाय ती निघत नाही आणि तो धुरकट वासही येत नाही. मग 'भाजली' कुठे संपतं आणि 'जळली' कुठे सुरू होतं? दारात मुलगी आवंढा गिळत होती. मी तिला नजरेनंच थोपवलं.

लसणाची पाकळी हातात तशीच राहिली. आजींनी मान वर केली, नाक ओढलं. "मिरची," त्या म्हणाल्या.

आणि त्या शोधायला लागल्या, पण उजवीकडे. उजवा बर्नर पाहिला, त्यावर काही नाही. त्याच्याही पलीकडे, फ्रिजच्या बाजूला वाकल्या. वास तर घरभर होता, पण वासाला दिशा नसते. सेकंदच गेले असतील, पण माझी बोटं आता बटणावर टेकली होती. तेवढ्यात त्या पुटपुटल्या, "पट्टी, पट्टी," आणि मान डावीकडे आणत आणत थेट लाल पट्टीपर्यंत नेली. वाटेत ज्वाळा दिसली.

मला वाटलं, त्या घाईघाईनं गॅस बंद करतील. त्यांनी चिमटा घेतला, एकेक मिरची उलटी केली आणि मला म्हणाल्या, "दुसरी बाजू राहिलीय." ती भाजून होईपर्यंत मात्र शेगडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मिरच्या भांड्यात टाकून वर झाकण घातलं. वाफेनं साल सैल होते. मुलगी ती नळाखाली सोलायला निघाली तर पुन्हा ओरडा: पाण्यानं चव वाहून जाते, बोटांनी सोल.

पुढचं शिजवणं त्यांनी आपणहून उजव्या बर्नरवर घेतलं. मी सुचवलं नव्हतं. टोमॅटो, मिरच्यांच्या पट्ट्या, ठेचलेला लसूण, मीठ, मंद आच, झाकण नाही. त्या खुर्चीवर बसल्या, अश्दोदमधल्या बहिणीला फोन लावला, आणि मी घड्याळ बघत वहीत टिपत राहिले. टायमर त्यांनी लावू दिला नाही. गरजच पडली नाही. बहिणीच्या सुनेची तक्रार अर्ध्यात सोडून त्या उठायच्या, ढवळायच्या, परत बसायच्या. मी विचारलं, कळतं कसं? म्हणाल्या, ऐक. पाणी असतं तोवर पातेलं गदगदतं, मग तो आवाज जाड होतो, आणि पाणी संपून तेल सुटलं की तळल्यासारखं चुरचुरतं. डोळ्यांनी अर्धं जग सोडून दिलेलं असलं तरी कान पातेल्यावर पक्का होता.

दुसऱ्या तासानंतर त्या थकल्या. हे महत्त्वाचं, कारण थकवा आला की डावी बाजू आणखी निसटते. चहाच्या चाचणीत हे दिसणं शक्यच नाही. लाकडी डाव पातेल्यात फिरत होता, पण फक्त उजव्या अर्ध्यात. डावीकडे मिश्रण जागच्या जागी बसून तळाला लागायला लागलं. आजींनी चव घेतली, तोंड वाकडं केलं. "लागलंय." इथे मात्र मी बोलले: डाव फिरवण्याऐवजी पातेलंच फिरवून बघा. कान धरून पाव फेरा द्यायचा, ढवळायचं, पुन्हा पाव फेरा. म्हणजे डावी बाजू आपोआप उजवीकडे येते. त्यांनी दोनदा करून पाहिलं, आणि मग मुलीला हाक मारून, जणू मराकेशात पिढ्यान् पिढ्या असंच करत आलेत अशा थाटात, शिकवायला सुरुवात केली.

पॅप्रिका अगदी शेवटी, थोड्या तेलात कालवून. आधी घातली तर करपते आणि कडू होते. पातेलं भरून घेतलेल्या टोमॅटोंचा तिसरा हिस्साच उरला होता. डाव ओढला की तळ दिसायचा आणि लगेच मिटायचा नाही; झालं, असं आजींनी जाहीर केलं. गॅस बंद करून त्यांनी मान पट्टीपर्यंत नेली, डाव्या बर्नरचं बटणही चाचपलं. चाखायला मात्र मिळालं नाही. आज नाही, उद्या.

मुलीशी वाटाघाटी जड गेल्या. तिच्या मते जे घडलं ते गॅस बंद करायला पुरेसं होतं. मी तिला वही दाखवली: कुठे चुकलं, किती वेळ गेला, कुणी सुधारलं. एका दिवसावरून मी कुणाला मोकाट परवानगी देत नाही, आणि दिलीही नाही. अहवालात लिहिलं: शेगडी चालू ठेवावी, डाव्या बर्नरचं बटण काढून ठेवावं, मिरच्या भाजताना कुणीतरी घरात असावं, सलग काम तासाभराच्या वर नको, मतबुखा दोन टप्प्यांत, आणि आच आपोआप तोडणारं उपकरण बसवावं. मुलीनं तीन बटणं शेगडीवर राहू दिली. चौथं पर्समध्ये परत गेलं.

रविवारी ऑफिसातून फोन आला. वरच्या बाईंना अहवालाबद्दल शंका नव्हती. त्यांना एवढंच विचारायचं होतं की 'गरम पेय बनवणे' या रकान्यापुढे मी तीन तास कसे काय लावले, आणि त्याला मंजुरी कुणी दिली.