अख्खं रान लाल होतं तेव्हा

चिनी तलवारपटांत मला हाणामारीपेक्षा रंगच जास्त धरून ठेवतात. झांग यिमौचा 'हीरो' (२००२) घ्या. पिवळ्याधमक पानांच्या रानात लाल झग्यातल्या दोघी भिडतात, एकीचा जीव जातो आणि बघता बघता अख्खं रान लालभडक! कॅमेरा ख्रिस्तोफर डॉइलचा. तीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली की कपड्यांचे रंगही पालटतात.

त्याआधी दिग्दर्शक किंग हू होताच. 'अ टच ऑफ झेन'मधली बांबूच्या बनातली लढाई काय आहे, आहाहा! उंचावरून नायिका शत्रूवर झेपावते, आणि ती झेप इतक्या छोट्या तुकड्यांत कापलीय की डोळ्यांना फक्त वेग जाणवतो. १९७५ला कान चित्रपट महोत्सवात याला तांत्रिक पुरस्कार मिळाला. आंग लीने २००० साली 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये माणसं तारांनी बांबूंच्या शेंड्यांवर झुलवली, तेही देखणंच. पण मला किंग हूची झेपच जास्त आवडते.