साडेआठनंतरचा फोन

रात्री साडेआठला माझा फोन बोलायला लागतो. दिवसभर त्यावर चिटपाखरू नसतं, कारण माझ्या वर्गातल्या पोरांचा फोन म्हणजे बापाचा फोन, आणि तो बापाच्या खिशात असतो. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. दिवाळी झाली की काही पोरं आईबापामागं ऊसतोडीला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. घरी आजी असली किंवा हंगामी वसतिगृह चालू झालं तर थोडी मागं राहतात. गेलेली परततात ती भागाकार विसरून.

गेल्या हंगामात टोळीबरोबर गेलेल्या एका पोरीला मी काम लावलं. रोज बालभारतीतला एक परिच्छेद वाचायचा आणि आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवायचा. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, वीज नाही, म्हणून फोनचीच बॅटरी लावायची आणि त्याच फोनवर बोलायचं. पहिला मेसेज जेमतेम चाळीस सेकंदांचा. मागं भाकरी थापल्याचा आवाज, बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि मधे ही 'विद्यार्थी' या शब्दाला तीनदा धडकलेली. मी पण बोलूनच उत्तर दिलं, "'र्थी'ला घाबरू नको, 'विद्या' म्हण, मग 'अर्थी'." दुसऱ्या दिवशी शब्द एका दमात आला.

एकदा तिच्याऐवजी बापाचा आवाज. "मॅडम, वाहन उशिरा आलं, भरायला रात झाली. पोरगी निजली. उद्या दोन धाडते म्हनली." दुसऱ्या दिवशी खरंच दोन आले.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा पुस्तकातल्या क्यूआर कोडचं घरोघर कौतुक झालं. रास्तच होतं. पण उसाच्या फडाच्या कडेला रेंजची एकच कांडी असते. तिथं व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत बसतो, आवाजाचा मेसेज मात्र उशिरा का होईना, जातो.

आता वर्गाचा ग्रुप. हे माझंच पाप. गणित टाकलं, ७५६ भागिले ६. एकानं हुशारीनं वहीचा फोटो ग्रुपवरच टाकला, उत्तर १२५. अर्ध्या तासात नऊ वह्या आल्या आणि नऊच्या नऊ वह्यांत १२५! पूर्वी शेजारच्याचं बघून लिहायला निदान मान तरी वळवावी लागायची.

याहून वाईट म्हणजे चाचणीचे गुण. वेळ वाचावा म्हणून मी सगळी यादीच फोटो काढून टाकली. वर्गात पेपर देताना मी तो घडी घालून हातात ठेवते, पण फोनवर हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला नाही. त्याची आई शाळेच्या दारात उभी राहिली. "चुलत्यानं लग्नघरात सगळ्यांदेखत वाचून दाखवलं, मॅडम." मी 'सर्वांसाठी हटवा' दाबलं, पण तोवर ती यादी भावकीच्या ग्रुपवर पोचलेली. तीन दिवसांनी मुलगा आला. पुढचे कित्येक दिवस उत्तर येत असूनही त्यानं हात वर केला नाही.

जुलैत जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टीचं पत्र फिरलं. शिक्का, सही सगळं खरं, फक्त वर्ष मागचं, आणि नेमकी तारीखच कापलेली. त्या दिवशी अकरा पोरं आली. खिचडी मात्र सगळ्यांची शिजलेली.

आणि फोटो! २०१६ मध्ये दर सोमवारी दहा-दहा मुलांबरोबर सेल्फी काढून अपलोड करायचं फर्मान निघालं होतं. शिक्षक ओरडले, ते बारगळलं. फोटो वर पाठवायची सवय राहिलीच. रोप लावायला पाच मिनिटं, फोटो चढवायला पाण्याच्या टाकीशेजारी पाऊण तास उभं राहायचं. तोवर वर्गात काय चालतं ते टाकीवरूनही ऐकू येतं.

गुणांची यादी आता टाकत नाही. ग्रुपवर फक्त सूचना जातात, आणि पाठवण्याचा हक्क माझ्याकडंच ठेवलाय. गृहपाठ ज्याचा त्यानं मला वेगळा पाठवायचा. मला त्रास वाढलाय, रात्रीचे दहा वाजतात. नवरा म्हणतो, "शाळा पाचला सुटते ना गं?"

ती पोरगी यंदा पाचवीला गेली, शेजारच्या गावातल्या हायस्कुलात. म्हणजे आता माझी नाही. दिवाळीनंतर आठव्या दिवशी, पावणेनऊला, मेसेज आला. पन्नास सेकंद, कुठंही न अडता. मधे एक ओळ गाळली असावी असं वाटलं, पण सांगणार कशी? माझ्याकडं पाचवीचं पुस्तकच नव्हतं. शेजारच्या पोराचं मागून आणलं. गाळलीच होती.