मागच्या बेडरूमची धुरकटलेली खिडकी: काम कुठवर आलं

थंडी पडायच्या आत घराच्या मागच्या बाजूच्या डबल ग्लेझिंगच्या (दुहेरी काचेच्या) खिडक्या हातात घ्यायच्या, असं उन्हाळ्यातच ठरवलं होतं. त्यातल्या सगळ्यात खराब खिडकीचं काम आता झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घर इंग्लंडच्या मिडलंड्समधलं, सेमी-डिटॅच्ड. खिडक्या पांढऱ्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, बीडिंग (काच चौकटीत धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) आतल्या बाजूने, आधीच्या मालकांनी बसवून घेतलेल्या. दोन काचांच्या मधली जी चकचकीत ॲल्युमिनियमची पट्टी असते, म्हणजे स्पेसर, त्यावर बारीक अक्षरांत १९९८ आणि बीएस ५७१३ (अशा काचांचं तेव्हाचं ब्रिटिश मानक) असं छापलेलं आहे. तुमच्या खिडकीचं वय माहीत नसेल तर टॉर्च तिरका धरून आधी तिथे बघा, बऱ्याचदा सापडतं.

काच धुरकट दिसली की लगेच नवी खिडकी लागते असं नाही. आधी बोट फिरवून बघायचं. ओल खोलीच्या बाजूने पुसली गेली, तर दोष खिडकीचा नसून खोलीतल्या दमटपणाचा असतो. खोली २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर साधारण १२ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. आपल्याकडे कुकरच्या शिट्ट्या आणि रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे असतातच, त्यामुळे हिवाळ्यात ही पातळी सहज गाठली जाते. बाहेरच्या अंगाला पहाटे दव दिसलं तर उलट आनंद माना. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती काच गार राहते. दोन्हीकडून पुसूनही धुरकटपणा हलला नाही, तर मात्र पाणी दोन काचांच्या मधे शिरलंय आणि ते युनिट (दोन काचा आणि स्पेसर मिळून झालेला बंद संच) गेलं असं समजायचं. आमचं तसंच होतं. दुपारी ऊन आलं की साफ दिसायचं, संध्याकाळी खालच्या डाव्या कोपऱ्यातून पुन्हा दूध सांडल्यासारखा पट्टा चढायचा. हा कोपरा लक्षात ठेवा, पुढे त्याचंच सगळं प्रकरण आहे.

बीडिंग काढायला एक ऊबदार दुपार निवडली. जुनं प्लास्टिक थंडीत कडक होतं आणि तडकतं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पट्टीवर थोडा वेळ धरलं तर आणखी मऊ पडतं. सुरुवात सर्वांत लांब पट्टीपासून आणि तीही मधोमध, कारण कोपऱ्यात पट्ट्या एकमेकींना अडकून बसलेल्या असतात. रंग खरवडायची रुंद पट्टी बीडिंग आणि चौकट यांच्या सांध्यात घालायची, काच आणि बीडिंगच्या मधे अजिबात नाही. रबरी हातोडीने हलकं ठोकत पट्टी आत गेली की मनगटाने काचेकडे वळवायची. ‘टक्’ असा आवाज येतो आणि बीडिंग मधून उचललं जातं. मग दोन्ही टोकं आपोआप सुटतात. प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलने वर, खाली, डावी, उजवी असं लिहून ठेवलं. चारही दिसायला सारख्याच असतात, पण इतकी वर्षं ज्या जागी बसली तिथेच त्या नीट बसतात.

काच उचलण्याआधी वजनाचा हिशोब करा. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. आमच्या दोन्ही काचा ४ मिलिमीटरच्या, म्हणजे चौरस मीटरला २० किलो, आणि ही खिडकी जवळजवळ तेवढीच. नवरा आणि मी, दोघांनी जाड हातमोजे घालून, दोन व्हॅक्यूम पकडी लावून उतरवली. काच नेहमी उभीच न्यायची आणि उभीच टेकवायची, लाकडाच्या दोन तुकड्यांवर.

आणि मग खालची खाच दिसली. तळाशी पाणी साचलेलं होतं, त्यात काळपट गाळ, प्लास्टरची भुकटी, कोळ्यांची जाळी. निचऱ्याच्या दोन फटी होत्या, त्यातली डावी पूर्ण गच्च. बाहेरून बघितलं तर तिथे कुणीतरी सिलिकॉन ओढून फट बुजवलेली. पाणी आत येतंय असं वाटून ती बुजवली असणार, पण ती फट मुळात पाणी बाहेर जाण्यासाठी असते. यूपीव्हीसीच्या चौकटीत थोडं पाणी शिरणारच हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. रबराच्या कडेवरून ते आत झिरपतं, खालच्या खाचेत जमतं, आणि तिथल्या फटींतून चौकटीच्या पोकळीत उतरून बाहेरच्या फटींतून निघून जातं. आतली आणि बाहेरची फट मुद्दाम एका रेषेत ठेवत नाहीत, म्हणजे वाऱ्याने पाऊस सरळ आत रेटला जात नाही.

काढलेलं युनिट गॅरेजमध्ये उलगडून बघितलं. या सगळ्या कामात सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते इथे. दोन काचा स्पेसरला चिकटवलेल्या असतात त्या ब्यूटिलच्या पातळ थराने, आणि त्याच्या बाहेरून पॉलीसल्फाइडचा जाड काळा थर. वाफ अडवण्याचं मुख्य काम ब्यूटिलचं, काचा घट्ट धरून ठेवण्याचं पॉलीसल्फाइडचं. वरच्या कडेला पॉलीसल्फाइड आजही इतकं टणक, की सुरी दाबून चालवावी लागली. खालच्या डाव्या कोपऱ्यात नखाने उकललं. मऊ, चिकट, काचेपासून सुटलेलं. एकच युनिट, एकच मसाला, वय तेच. फरक फक्त पाण्यात उभं राहण्याचा. स्पेसर पोकळ असतो आणि त्यात झिओलाइटचे, म्हणजे ओल शोषणाऱ्या सच्छिद्र खनिजाचे, बारीक दाणे भरलेले असतात. त्यांची छिद्रं ३ ॲंगस्ट्रॉमची (एक ॲंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), पाण्याचा रेणू आत मावतो, नायट्रोजन किंवा आर्गॉन मावत नाही. कारखान्यात आत अडकलेली आणि नंतर कडांतून थोडीथोडी शिरणारी वाफ हे दाणे शोषत राहतात. काचांमधली हवा रोज तापून फुगते, रात्री आकसते, त्यामुळे कडेवर सतत ताण. कड कोरडी असेल तर हे वर्षानुवर्षं चालतं. कड पाण्यात असेल तर प्रत्येक रात्री थोडं पाणी आत ओढलं जातं आणि एक दिवस दाण्यांची जागा संपते.

ते खरोखर संपलेत का, हे बघायला नवे कोरडे दाणे थोडे आणले. दोन स्टीलच्या वाट्या, एकीत नवे, दुसरीत स्पेसरमधून ओतलेले जुने. दोन्हींत चमचाभर पाणी टाकलं. नव्यांची वाटी हाताला चांगलीच गरम लागली, जुन्यांची जशीच्या तशी गार. करून बघा, पण दाणे तळहातावर घेऊन नको, चटका बसू शकतो.

म्हणूनच काचेला भोक पाडून आतली वाफ काढून देणाऱ्या सेवांबद्दल माझं मत चांगलं नाही. काच तात्पुरती स्वच्छ दिसते, पण दाणे तसेच भरलेले राहतात, कड उकललेलीच राहते आणि दोन काचांमधली पोकळी कायमची बाहेरच्या हवेला उघडी होते. तेवढे पैसे नव्या युनिटमध्ये घाला.

आधी निचरा, मग नवी काच, हा क्रम मी आता कुठल्याही खिडकीला बदलणार नाही. बाहेरचं सिलिकॉन ब्लेडने काढलं, फटींत केबल टाय घालून आतला गाळ ओढला, खाच ब्रशने घासून पुसली. बाबा सध्या सांगलीहून आलेत, ते अंगणात उभे राहिले आणि मी आतून खाचेत मगाने पाणी ओतलं.

‘‘आलं का, बाबा?’’

‘‘उजवीकडून धार लागलीय. डावीकडे नुसतं ठिबकतंय गं, अजून काहीतरी अडकलंय बघ.’’

पुन्हा केबल टाय घातला, तर ओल्या प्लास्टरचा गोळाच निघाला. त्यानंतर ओतलेलं पाणी दोन्हीकडून लगेच वाहून गेलं. ही चाचणी काच न काढताही करता येते. उघडणारी झडप उघडून चौकटीच्या खालच्या खाचेत कपभर पाणी ओता आणि बाहेर कुणाला तरी उभं करा.

युनिट मागवताना जुन्या काचेचंच माप घेतलं, रुंदी आधी, उंची नंतर, आणि जाडी. आमची २४ मिलिमीटर, म्हणजे ४ काच, १६ पोकळी, ४ काच. जाडी बदलून चालत नाही, कारण बीडिंग त्या जाडीसाठीच बनवलेलं असतं. काच चौकटीच्या खाचेपेक्षा साधारण १० मिलिमीटरने लहान हवी, प्रत्येक बाजूला ५ मोकळे. यावेळी आतल्या काचेवर लो-ई लेप (उष्णता खोलीत परतवणारा पातळ थर), पोकळीत आर्गॉन आणि ॲल्युमिनियमऐवजी उष्णता कमी वाहणारा स्पेसर घेतला. एकेरी काचेचं यू-मूल्य (उष्णता किती गळते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) सुमारे ५.७, लेप नसलेल्या जुन्या दुहेरी काचेचं २.८च्या आसपास, आणि अशा नव्या युनिटचं मध्यभागी १.२च्या जवळ. त्याच चौकटीत उष्णतेची गळती निम्म्याहून खाली येते, यामुळेच मला हे काम मनापासून आवडतं.

नियमांचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये चौकटीसकट अख्खी खिडकी बदलली तर २००२पासून फेन्सा या खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं किंवा तशाच मान्य योजनेचं प्रमाणपत्र, नाहीतर स्थानिक बिल्डिंग कंट्रोलची मंजुरी लागते. नुसतं काचेचं युनिट बदलायला ते लागत नाही. पण जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या खाली येणारी काच सुरक्षित प्रकारचीच हवी, दारात आणि दाराला लागून असेल तर १५०० मिलिमीटरपर्यंत. जिन्यावरच्या खिडकीला मी टफन्ड (तापवून मजबूत केलेली सुरक्षित काच) मागवणार आहे ते त्यासाठीच.

नवं युनिट आल्यावर लेप कुठल्या बाजूला आहे ते लायटरने तपासलं. ज्योत काचेसमोर धरून तिरकं बघितलं की चार प्रतिबिंबं दिसतात, प्रत्येक पृष्ठभागाचं एक. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं, गुलाबीसर किंवा हिरवट, तो लेप. बाहेरून मोजत तिसरं प्रतिबिंब वेगळं दिसलं की बाजू बरोबर.

बसवताना काच थेट प्लास्टिकवर टेकवायची नाही, प्लास्टिकच्या पॅकरवर, म्हणजे छोट्या चपट्या तुकड्यांवर, टेकवायची, आणि पॅकर निचऱ्याची फट झाकणार नाही असा ठेवायचा. ही झडप कडेला बिजागर असलेली आहे, म्हणून बिजागराच्या बाजूला तळाशी आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यात वर पॅकर जरा घट्ट बसवले. काचच मग तिरका आधार होते आणि झडप हँडलच्या बाजूने खाली लोंबत नाही. बीडिंग परत लावताना आधी आखूड, मग लांब. रबराला साबणाचं पाणी लावलं की हलक्या ठोक्यात ‘टक्’ करून बसतं. कडेला कुठेही सिलिकॉन भरलं नाही. भरावंच लागलं तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते युनिटच्या कडेच्या मसाल्याला खराब करतं.

बाकीच्या खिडक्यांची देखभाल सोबतच उरकली. निचरा सगळीकडे साफ केला. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून त्यावर सिलिकॉनचा हलका फवारा मारला. ते ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं आणि पेट्रोलियम तेलाने फुगतं, म्हणून तेलाचा डबा रबराजवळ नेऊ नका. कुलपाच्या सरकपट्टीला दोन थेंब तेल पुरतं.

आता पुढचा नंबर स्वयंपाकघराच्या खिडकीचा. तिचं फ्रिक्शन बिजागर झिजलंय, वाऱ्यात झडप जागेवर राहत नाही. नवं घ्यायला पट्टीची लांबी आणि बंद अवस्थेतली एकूण उंची, दोन्ही लागतात. उंची १३ किंवा १७ मिलिमीटर असते आणि चुकीची घेतली तर झडप बंदच होत नाही. आमचं १७चं निघालं, लांबी १२ इंच. मागवलंय, आणि ते लावण्याआधी त्या खिडकीच्याही खाचेत मगभर पाणी ओतून बघणार आहे.